वसंतराव देशपांडे कसे ऐकावेत: खाँसाहेबांच्या भूमिकेपलीकडचे गाणे

डॉ. वसंतराव देशपांडे हे नाव मराठी घरांत अपरिचित नाही. तरीही एक मोठा गायक म्हणून त्यांची पुरती ओळख आपल्याला झाली आहे, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्राबाहेर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ख्यालगायकांची, म्हणजे रागसंगीत गाणाऱ्यांची, नावे घेतली जातात तेव्हा भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर ही नावे सहज येतात आणि वसंतरावांचे नाव बहुधा उशिरा येते किंवा येतच नाही. महाराष्ट्रात ते येते, पण ‘कट्यार काळजात घुसली’ या एका नाटकातील खाँसाहेबांच्या एका भूमिकेचा हात धरून येते. ज्या माणसाने ख्याल, ठुमरी, टप्प्याचे अंग, नाट्यपद, भावगीत आणि चित्रपटगीत या सगळ्यांत स्वतःची मुद्रा उमटवली, त्याचे गाणे आपण बहुतेकदा त्यातल्या एकाच दालनात बसून ऐकले. असे का झाले आणि त्यांच्या गाण्यात नेमके काय काय मिसळलेले होते, हे संगीताचे शिक्षण नसलेल्या वाचकालाही समजावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आधी घराणे म्हणजे काय ते पाहू, कारण वसंतरावांविषयीचे निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. राग सर्वांचे सारखे असतात; यमन गाणारा ग्वाल्हेरचा असो की किराण्याचा, स्वर तेच लागतात. फरक पडतो तो आवाज कसा लावायचा, राग किती सावकाश उलगडायचा, शब्दांना किती महत्त्व द्यायचे, तालाशी किती जवळीक ठेवायची आणि ताना, म्हणजे स्वरांच्या जलद माळा, कोणत्या घडणीच्या घ्यायच्या, यांत. या सर्व निवडींचा एक ठरलेला संच गुरूकडून शिष्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जात राहिला की त्याचे घराणे होते. ग्वाल्हेरची गायकी मोकळ्या, खुल्या आवाजाची आणि बंदिशीला, म्हणजे रागात बांधलेल्या गीताला, धरून चालणारी मानली जाते. किराण्याचा भर एकेका स्वराच्या लगावावर आणि संथ आलापीवर असतो. भेंडीबाजार घराण्यात दीर्घ दमसास आणि सरगमचे, म्हणजे स्वरांची नावे घेऊन गाण्याचे, गणिती विणकाम आढळते, तर पतियाळा आणि एकूण पंजाबी वळणाच्या गाण्यात चपळ, लखलखीत, नागमोडी हरकतींना, म्हणजे स्वरांच्या छोट्या वळणांना, मान असतो. घराण्यामुळे गायकाला शिस्त लाभते आणि श्रोत्याला त्याची ओळख पटवायला सोपे जाते. या दुसऱ्या सोयीची किंमत वसंतरावांना मोजावी लागली.

त्यांचा जन्म २ मे १९२० रोजी वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा. बालपण नागपुरात गेले. तेथे श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे पहिले शिक्षण झाले. पुढे संगीतकार म्हणून गाजलेले सी. रामचंद्र हेही सप्र्यांचेच विद्यार्थी. १९३५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटात वसंतरावांनी कृष्णाची भूमिका केली, म्हणजे पंधराव्या वर्षीच गाणे आणि अभिनय ही दोन्ही अंगे लोकांसमोर आली होती. त्यानंतरची त्यांची गुरूंची यादी पाहिली की घराण्याच्या चौकटीत विचार करणाऱ्याची पंचाईत का होत असेल ते कळते. लाहोरला असद अली खाँ, पुण्यात किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ, त्याच परंपरेतील अंजनीबाई मालपेकर, आणि ग्वाल्हेरच्या परंपरेतले रामकृष्णबुवा वझे या सर्वांकडून त्यांनी विद्या घेतली. शिवाय ज्यांचे गाणे त्यांनी प्राणांइतके जपले ते मास्टर दीनानाथ मंगेशकर. त्यांच्या गायकीचा खरा वारसदार म्हणून जाणकार वसंतरावांकडेच बोट दाखवतात.

या यादीत लाहोरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. असद अली खाँ यांनी तरुण वसंतरावांना कित्येक महिने केवळ मारवा हा एकच राग शिकवला आणि त्यानंतर, आता तू गवई झालास, असे सांगून निरोप दिला, अशी हकीकत वसंतरावांच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. एका रागाने माणूस गवई कसा होईल, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर मारव्याच्या घडणीत आहे. मारव्यात षड्ज (सा), कोमल ऋषभ (रे), गंधार (ग), तीव्र मध्यम (म), धैवत (ध) आणि निषाद (नी) असे सहा स्वर लागतात. पंचम (प) वर्ज्य असतो. हेच सहा स्वर पूरियात लागतात आणि हेच सोहनीतही लागतात. मग तीन राग वेगळे कसे राहतात? मारव्यात ऋषभ आणि धैवत यांच्यावर मुक्काम असतो आणि षड्ज बराच वेळ टाळला जातो, त्यामुळे ऐकणाऱ्याला आधार सुटल्यासारखे, हुरहूर लागल्यासारखे वाटते. पूरियात वजन गंधार आणि निषादाकडे जाते आणि गाणे खालच्या अंगाला, मंद्रात रमते. सोहनी वरच्या सप्तकात खेळते. म्हणजे राग हा स्वरांच्या यादीत नसतो. कोणत्या स्वरावर किती थांबायचे, कोणत्या स्वराला नुसता स्पर्श करायचा आणि कोणत्या वाटेने परत यायचे, यांत तो असतो. हे तत्त्व एकदा गळ्यात आणि डोक्यात मुरले की दुसरा कोणताही राग त्याच्या स्वभावासह पकडता येतो. तो धडा वसंतरावांनी जन्मभर वापरला. त्यांच्या गाण्यात इतक्या शैलींची ये-जा असूनही राग सहसा डळमळत नाही, याचे मूळ मला या शिक्षणात दिसते.

भेंडीबाजार घराण्याकडून आलेली गोष्ट वेगळ्या जातीची आहे. तिला मेरुखंड किंवा खंडमेरू म्हणतात. कल्पना साधी आहे: काही स्वर घ्यायचे आणि त्यांचे जितके क्रम शक्य आहेत तितके क्रमाने घोटायचे. तीन स्वरांचे सहा क्रम होतात, चार स्वरांचे २४, पाचांचे १२० आणि सात स्वरांचे ५,०४०. प्रत्यक्ष मैफलीत कोणी ही सारी यादी म्हणून दाखवत नाही, आणि रागाचे नियम तर त्यातले कित्येक क्रम बादच करतात. पण या रियाजाने गळ्याला एक मोकळीक येते. सा-रे-ग-म या नेहमीच्या पायरीने वर जाण्याची सवय सुटते आणि ग-सा-म-रे अशा अनपेक्षित वळणावर गळा न अडखळता उभा राहतो. वसंतरावांच्या सरगममध्ये आणि तानेमध्ये जी अचानक उडी येते, जिच्यामुळे श्रोता दचकतो आणि पुढच्याच क्षणी ती रागात चपखल बसलेली पाहून खुलतो, ती ऐकताना या प्रकारच्या तालमीची आठवण होते.

तिसरा धागा पंजाबी अंगाचा. टप्पा हा गीतप्रकार पंजाबातील उंटांच्या तांड्यांबरोबर चालणाऱ्या लोकांच्या गाण्यांतून वर आला आणि शोरी मियाँ यांनी त्याला दरबारी रूप दिले, अशी परंपरागत समजूत आहे. टप्प्यात आलापाला जवळजवळ जागा नसते. शब्द उच्चारला की लगेच तो छोट्या, वेगवान, झटक्याने फिरणाऱ्या तानांत गुंफायचा, हे त्याचे वैशिष्ट्य. स्वर सरळ रेषेत न जाता पुढे-मागे हेलकावे घेत जातो आणि प्रत्येक हेलकावा स्वच्छ ऐकू यावा लागतो. पंजाबी ढंगाच्या ठुमरीतही अशाच मुरक्या आणि हरकती असतात, फक्त त्या भावासाठी मऊ केलेल्या असतात. वसंतरावांच्या गळ्याला हे अंग विलक्षण मानवले. ख्यालाच्या मध्यावर, शब्दाच्या टोकाला ते अशी एक हरकत जोडत की जणू टप्प्याची एक ठिणगी त्या ठिकाणी पडून गेली. इतर गायक अशा जागी ख्यालाची भारदस्त चाल मोडेल म्हणून हात आखडता घेत. वसंतराव तो धोका पत्करत.

या तीन धाग्यांना एकत्र बांधणारा दोर मात्र मराठी रंगभूमीने पुरवला, असे माझे मत आहे. मराठी नाट्यसंगीत हा मुळातच मिश्र घडणीचा प्रकार आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले तेव्हा त्यातील पदांत साकी, दिंडी यांसारख्या कीर्तनातून ओळखीच्या झालेल्या चाली होत्या. १९११ च्या ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली आणल्या. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचा पाया घातला. म्हणजे कीर्तन, ठुमरी, ख्याल, टप्पा आणि दक्षिणेकडील चाली या सर्वांना एकाच रंगमंचावर नांदायची सवय आधीच लागलेली होती. नाट्यपदाची अट एवढीच असे की शब्द प्रेक्षकाला कळले पाहिजेत आणि पात्राचा भाव त्या क्षणी पोचला पाहिजे. चार-सहा मिनिटांत राग उभा करायचा, शब्द सांभाळायचे आणि शिवाय टाळ्या घ्यायच्या, हे काम ज्याला साधते त्याला संक्षेपाची कला येते.

दीनानाथांनी या मिश्र प्रकारात आणखी एक गोष्ट आणली ती म्हणजे तेज. मंगेशीचे हे गायक बलवंत संगीत मंडळीतून गाजले. त्या मंडळीसाठी वझेबुवांनीही चाली दिल्या होत्या. दीनानाथांच्या गाण्यात वरच्या स्वरावर एकदम झेप घेणे, कडक तडफेच्या ताना, मध्येच पंजाबी किंवा राजस्थानी वळण आणि शब्दाला दिलेली धार, हे सारे होते. १९४२ मध्ये ते अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या गाण्याचा ठसा अनेकांवर उमटला, पण अनेकांनी त्यातील बाह्य आवेश उचलला. वसंतरावांनी त्या आवेशामागची विचारपद्धती उचलली, असे त्यांची दीनानाथांची पदे ऐकताना जाणवते. मूळ चालीची नक्कल ते करत नाहीत. दीनानाथांनी ज्या मोकळेपणाने त्या पदात रागाच्या बाहेर डोकावून पुन्हा आत येण्याची वाट काढली असती, त्या मोकळेपणाने स्वतःची नवी वाट काढतात. मराठी नाट्यसंगीताच्या वाटचालीवर त्यांनी सप्रयोग व्याख्याने दिली, त्यांत प्रत्येक कालखंडाच्या गायनशैलीचा फरक ते प्रत्यक्ष गाऊन दाखवत. असे करायला नुसता अभ्यास पुरत नाही, सगळ्या शैली गळ्यात असाव्या लागतात.

आता आवाजाविषयी. वसंतरावांचा आवाज भीमसेनांसारखा घनगंभीर नव्हता आणि कुणी त्याला गोडही म्हणणार नाही. तो काहीसा पातळ, टोकदार, किंचित अनुनासिक कडा असलेला आणि अतिशय लवचीक होता. जाड कुंचल्यापेक्षा बारीक टोकाच्या लेखणीने जशी वळणे स्पष्ट उमटतात तशा त्यांच्या हरकती या आवाजात कणाकणाने दिसतात. अशा आवाजात जलद तान घेतली की प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. भरदार आवाजात तोच वेग कधी कधी एकमेकांत मिसळून जातो. आवाजाचा हा धर्म ओळखून त्यांनी त्याला साजेसे गाणे घडवले. शब्द उच्चारण्याची त्यांची पद्धत नटाची आहे. एकच शब्द पुन्हा म्हणताना ते त्याचे वजन बदलतात, एकदा विनवणी होते, दुसऱ्यांदा हट्ट होतो.

लयीकडे तर विशेष लक्ष द्यावे असे मी वाचकांना सुचवीन, कारण नवख्या श्रोत्याच्या हातून नेमका हाच भाग निसटतो. तबल्याची त्यांना सखोल जाण होती. तालाच्या आवर्तनातील पहिली मात्रा म्हणजे सम. गायक आवर्तनभर कुठेही फिरला तरी शेवटी समेवर येतो आणि त्या क्षणी ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात. पण समेवर नेमके पोचणे ही एकच रीत नाही. समेच्या किंचित आधी मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, आणून सोडणे याला अनागत म्हणतात आणि सम होऊन गेल्यावर त्याच्या पाठीमागून येऊन टेकणे याला अतीत म्हणतात. वसंतराव हे दोन्ही खेळ इतक्या सहजतेने खेळत की तबलजीलाही सावध बसावे लागावे. त्यांच्या ताना पुष्कळदा मात्रेच्या ठोक्यावर सुरू होत नाहीत, दोन ठोक्यांच्या मधल्या फटीतून निघतात. तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याचा, हिशेबही ते उघडा पडू देत नाहीत. ऐकताना मांडीवर ताल धरून बसावे आणि तान कुठून निघाली व कुठे टेकली एवढेच पाहावे. पहिल्या ऐकण्यात चमत्कारासारखी वाटणारी जागा तिसऱ्या ऐकण्यात विचारपूर्वक रचलेली दिसू लागते.

इतके सारे एका गाण्यात आले म्हणजे खिचडी होणार नाही का, हा आक्षेप त्यांच्या हयातीतही घेतला गेला आणि तो रास्त आहे, त्याला उत्तर द्यायला हवे. शैलींचे मिश्रण दोन प्रकारे होते. एका प्रकारात गायक दहा जणांच्या जागा लक्षात ठेवतो आणि एकामागून एक मांडतो. तेव्हा ऐकणाऱ्याला शिवण दिसते. दुसऱ्या प्रकारात गायकाची विचार करण्याची रीत एकच असते आणि वेगवेगळ्या शैली त्या विचाराला लागतील तशी साधने पुरवतात. वसंतरावांचा मारुबिहाग किंवा राजकल्याण ऐकावा. राजकल्याण हा पंचम वर्ज्य केलेल्या यमनासारखा राग. पंचमाचा आधार काढून घेतल्यामुळे तीव्र मध्यमावरून धैवताकडे जाताना मध्ये एक पोकळी राहते. अशा रागात संथ बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार, करताना एकेका स्वराला न्याय देण्याची किराण्याची रीत उपयोगी पडते, ती पोकळी ओलांडायला अनपेक्षित क्रमांची सवय कामी येते, आणि बंदिशीच्या शब्दांशी खेळायचे तेव्हा पंजाबी हरकत आपोआप पुढे येते. कोणत्या वेळी काय हवे हे राग ठरवतो. घराण्याविषयी विचारले असता, माझे घराणे माझ्यापासून सुरू होते, अशा अर्थाचे उत्तर वसंतरावांनी दिल्याचे सांगितले जाते. ते अहंकाराचे वाक्य म्हणून उद्धृत होते. मला ते वस्तुस्थितीचे सरळ वर्णन वाटते.

त्यांच्या गाण्याला मर्यादा नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. शांत, लांबलेल्या आलापीत श्रोत्याला तासभर बुडवून ठेवणे हा त्यांचा पिंड नव्हता. नवी कल्पना सुचली की जुनी अर्ध्यावर सोडून ते तिच्या मागे जात. ज्यांना गाण्यात विसावा हवा असतो त्यांना हे अस्वस्थ करणारे वाटते, आणि ती आवड चूक नाही. पण या अस्वस्थतेतूनच त्यांचे उत्तम क्षण आलेले आहेत, हेही तितकेच खरे.

मान्यता उशिरा मिळण्याची कारणे केवळ संगीतातली नव्हती. संसार चालवण्यासाठी त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात दोन तपांच्या आसपास नोकरी केली. त्या नोकरीत पार ईशान्य सीमेवरच्या नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) भागात बदलीही झाली. ज्या वयात गायक गावोगावच्या मैफली करून आपले नाव देशभर पसरवतो, त्या वयात वसंतरावांना मैफलीसाठी रजा मागावी लागत होती. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या मित्रांना त्यांच्या गाण्याची थोरवी ठाऊक होती आणि ते ती सांगत राहिले. पण मित्रांच्या वर्तुळातली कीर्ती आणि संगीत महोत्सवांच्या व्यासपीठावरची कीर्ती यांत अंतर असते. शिवाय गंडाबंध, म्हणजे गुरूकडून विधिपूर्वक गंडा बांधून घेतलेला, शिष्य म्हणून कोणत्याच एका घराण्याचा शिक्का नसल्यामुळे, आपला माणूस म्हणून त्यांची बाजू उचलून धरणारी परंपराही त्यांच्या पाठीशी नव्हती. एका घराण्याचा गायक पुढे येतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या गुरूचे, गुरुबंधूंचे आणि त्या गायकीच्या रसिकांचे बळ असते. वसंतरावांनी सर्वांकडून घेतले आणि म्हणूनच ते कुणाचेच पूर्णपणे झाले नाहीत.

मग १९६७ साल उजाडले. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेले आणि दिग्दर्शित केलेले, जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने नटलेले ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक नाट्यसंपदा या संस्थेने रंगभूमीवर आणले. त्यातील खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांनी केली, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. नाटकाचा विषयच दोन घराण्यांमधील संघर्षाचा आहे. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी यांच्या गाण्यात शांत, भक्तिभावाची ओढ आहे, खाँसाहेबांच्या गाण्यात चमक, आक्रमकता आणि पेच आहेत. अभिषेकींनी हा फरक केवळ संवादांवर सोडला नाही. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्यांनी दोन वेगळ्या चालींत बांधले, त्यामुळे शब्द तेच राहून गायकी बदलली की अर्थाची छटा कशी बदलते, हे संगीत न शिकलेल्या प्रेक्षकालाही कानाने कळले. घराणे म्हणजे काय हे समजावणारा याहून चांगला धडा मला माहीत नाही. अभिषेकी स्वतः गोव्यातील मंगेशीचे, त्यांचीही तालीम अनेक गुरूंकडे झालेली. दोन बहुश्रुत कलावंत एकत्र आले आणि त्यातून घराण्यांच्या भिंतींवरचे नाटक उभे राहिले.

त्यातील ‘तेजोनिधी लोहगोल’ हे पद थोडे थांबून ऐकण्याजोगे आहे. ते ललत पंचम या रागात आहे. ललत अंगाचे वैशिष्ट्य असे की त्यात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम एकमेकांना लागून येतात. दोन इतके जवळचे स्वर सलग स्वच्छ लावणे गळ्याची परीक्षा घेणारे असते. शब्द सूर्याचे वर्णन करणारे आणि संस्कृतप्रचुर. वसंतरावांनी त्या जड शब्दांना ठोस उच्चार दिला आणि त्याच वेळी मधल्या जागा तानांनी उजळल्या, म्हणून पद भारी होऊनही साचत नाही. ‘सुरत पिया की’ ही रागमाला आहे. तिच्यात एका रागातून दुसऱ्यात जाताना उंबरठ्यावर अडखळण्याचा धोका प्रत्येक वळणावर असतो. आणि ‘लागी कलेजवा कटार’ मध्ये ठुमरीचे मार्दव आहे. म्हणजे एका भूमिकेतच वसंतरावांना त्यांची जवळजवळ सगळी साधने वापरता आली.

नाटक अफाट गाजले आणि त्याच्या यशाने वसंतरावांना घरोघर पोचवले. त्याच यशाने त्यांच्या बाकीच्या गाण्यावर पडदाही पडला. मैफलीला आलेले श्रोते नाट्यपदांची वाट पाहू लागले तर त्यांत नवल नाही. त्याशिवाय ध्वनिमुद्रिका असोत की आकाशवाणी, आपल्याकडे गाण्याची विभागणी शास्त्रीय, उपशास्त्रीय, सुगम आणि नाट्यसंगीत अशी झालेली असते. एखादा कलावंत या चारही खान्यांत थोडा थोडा सापडला की कोणत्याच खान्यात तो पहिला मानला जात नाही. मराठी भाषेची सीमा हाही भाग होता. नाट्यपदाचा आस्वाद मराठी न जाणणाऱ्याला अर्धाच मिळतो, आणि वसंतरावांची कीर्ती ज्या गाण्यावर उभी राहिली ते गाणे नेमके नाट्यपदाचे होते.

१९८२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. नागपुरातील एका मोठ्या सभागृहाला त्यांचे नाव आहे. २०१५ मध्ये ‘कट्यार’ पडद्यावर आली आणि २०२२ मध्ये त्यांच्या आयुष्यावरील ‘मी वसंतराव’ हा निपुण धर्माधिकारी यांचा चित्रपट प्रदर्शित झाला. दोन्हींमध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे गायले, आणि दुसऱ्या चित्रपटातील गायनासाठी राहुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या चित्रपटांनी नव्या पिढीला वसंतरावांची ओळख करून दिली, हे मोलाचे काम झाले. पण चित्रपट पाहून आलेला तरुण श्रोता पुन्हा ‘कट्यार’चीच पदे शोधतो, असा अनुभव आहे, आणि म्हणून ऐकण्याचा एक वेगळा क्रम सुचवावासा वाटतो.

सुरुवात वा. रा. कांत यांच्या शब्दांना श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेल्या ‘बगळ्यांची माळ फुले’ या भावगीतापासून करावी. तानेची एवढी ताकद असलेला गायक येथे ती जवळजवळ पूर्ण आवरून धरतो आणि शब्दांच्या शेवटी अगदी बारीक कंपने ठेवतो. त्यानंतर ‘झाला महार पंढरीनाथ’ चित्रपटातील सुधीर फडके यांच्यासह गायलेले ‘कानडा राजा पंढरीचा’ ऐकावे. गदिमांच्या एकाच अभंगात फडके यांचा सरळ, सात्त्विक लगाव आणि वसंतरावांची वळणदार फिरत शेजारी शेजारी उभी आहे, त्यामुळे दोन शैलींतील अंतर कानाला लगेच मोजता येते. तिसरे ‘संशयकल्लोळा’तील ‘मृगनयना रसिक मोहिनी’. दरबारी कानड्यासारख्या गंभीर रागातील हे पद वसंतरावांनी प्रेयसीच्या आठवणीत रमलेल्या माणसाच्या लाघवाने गायले आहे, आणि तरीही दरबारीचा आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा, गंधार आपल्या जागी आहे.

एवढे झाल्यावर ख्यालाकडे जावे, आणि तेथे घाई करू नये. आधी मारुबिहाग, कारण तो कानाला ओळखीचा आणि प्रसन्न राग आहे. त्यातील दोन मध्यमांपैकी कोणता केव्हा येतो याकडे लक्ष ठेवावे. मग राजकल्याण. शेवटी मारवा, संध्याकाळी, सूर्य मावळण्याच्या सुमारास. मारवा ऐकताना षड्ज किती वेळ टाळला जातो ते मनात धरून बसावे. वसंतराव ऋषभावर रेंगाळतात, धैवतावरून मागे फिरतात, निषादापर्यंत येऊन हुलकावणी देतात, आणि कान षड्जासाठी अगदी आसुसला की मगच तो लावतात. त्यानंतर ‘कट्यार’ची पदे पुन्हा लावली, तर खाँसाहेबांच्या तानांमधील लाहोर कुठले, भेंडीबाजार कुठला आणि दीनानाथ कुठले, हे बहुतेक ठिकाणी सांगता येऊ लागते.